मैदानात सोडलेलं पाणी

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, आणि ज्यांच्याबरोबर जन्मभर चकाट्या पिटल्या त्या मित्रांनाही नाही. तुम्हाला का सांगतोय? — तुम्ही मला ओळखत नाही, म्हणूनच बहुधा.

लढाईचे दिवस होते. साताऱ्यात जिंकलेला फुटबॉलचा संघ आणि सांगलीत जिंकलेला संघ यांचा वर्षाअखेरी एक सामना व्हायचा, ढालीसाठी. त्या वर्षी तो सांगलीत होता आणि मी आमच्या संघाचा चिटणीस. तारीख काही केल्या ठरेना. पहिल्यांदा गाडीचे डबे पलटणीसाठी काढून घेतले, सातारकर येऊच शकले नाहीत. दुसऱ्यांदा आमचेच तिघे हिवतापाने आडवे झाले. बारा भानगडी! शेवटी एक रविवार दोघांनी पक्का केला.

तो रविवार सातारकरांना का हवा होता, ते मला ठाऊक होतं. त्यांचा गोलकीपर शिरपती — म्हसवडचा, फौजेत शिपाई — रजेवर आला होता, आणि मंगळवारी त्याला पलटणीत हजर व्हायचं होतं. आदल्या वर्षी त्याने आम्हाला एकही गोल करू दिला नव्हता. तो नसला तर ढाल आमची. एवढंच माझ्या डोक्यात होतं.

मैदानाला लागून आमचा ऊस होता, आणि त्या रविवारी पाण्याची पाळी आमचीच. सकाळी मी पाटावर गेलो, बांधाला कुदळ लावली — चार घाव, फार नाही — आणि उसाचं पाणी मैदानात सोडलं. मग गावात येऊन सांगितलं, पाट फुटला. उंदरांनी बांध पोखरला म्हणालो. थाप मारायची तर अशी नेटकी मारावी, नाही का?

सातारकर आले, चिखल बघून हळहळले. त्यांचा कप्तान म्हणाला, उद्या खेळू. ऊन कडक होतं, सोमवारी दुपारपर्यंत मैदान सहज वाळलं असतं — मी शेतकऱ्याचा मुलगा, मला काय कळत नव्हतं? पण मी मान हलवली. काळी माती आहे, म्हणालो, गुरुवारशिवाय जमायचं नाही.

तेव्हा शिरपती हसत पुढे आला.

"गुरवार तर गुरवार. खेळूनच जातो गड्या. सायेब लय तर शिव्या घालंल."

हे माझ्या हिशेबात नव्हतं. पण त्या क्षणी मला तोंड उघडता आलं असतं. सोमवारी खेळू — दोन शब्द. मी म्हणालो, "बघ बाबा, तुझी मर्जी."

गुरुवारी तो खेळला. आम्ही एका गोलने हरलो, म्हणजे ढालही गेली. आणि तो उशिरा हजर झाला. त्याच्याबरोबर रजेवर आलेले त्याच्या गावचे दोघे वेळेवर गेले होते, ते लढाई संपेपर्यंत डेपोतच राहिले. शिरपतीचं नाव शिक्षा म्हणून ब्रह्मदेशाला निघालेल्या तुकडीत घातलं. तो परत आला नाही. त्या दोघांपैकी एकानेच मला हे सांगितलं.

तेव्हापासून उसाला पाणी लावायला मी कधी उभा राहिलो नाही. पाणी सरीत शिरताना जो आवाज होतो ना — तो ऐकला की शिरपती हसत पुढे येतो. अजून येतो. म्हातारा मी झालो, तो नाही.

लढाई संपल्यावर मी म्हसवडला गेलो. कबूल करायलाच निघालो होतो — निदान मोटारीत बसेपर्यंत तरी. सांगलीचा फुटबॉलवाला म्हटल्यावर त्याच्या आईने माझे दोन्ही हात धरले.

"आवं, तुमचा त्यो पाट फुटला, म्हनून माजं लेकरू आनखी तीन दिस घरात जेवलं. लय उपकार झालं बगा."

तिने मला जेवायला बसवलं. ओठांवर आलं होतं — पाट मी फोडला. मी म्हणालो, कालवण छान झालंय.

तिने आणखी वाढलं. मी तेही खाल्लं.