अमीरबीची उतरंड

लातुरात रुळांपासून हाकेच्या अंतरावर किशनरावांचं मुलींचं वसतिगृह आहे. तीन मजली. अहमदपूर, शिरूर अनंतपाळ, पार हिमायतनगरहून आलेल्या मुली तिथं दाटीवाटीनं राहतात आणि सगळ्यांनाच डॉक्टर व्हायचं असतं. एवढे डॉक्टर झाल्यावर आजारी कोण पडणार, हा प्रश्न शिकवणीवाल्यांना अजून पडलेला नाही. या मुलींच्या पोटापाण्याचं बघायची अमीरबी. साठी उलटलेली, हाडकुळी बाई, पण बोलता बोलता भाकरींची चळत उभी करायची. आणि भित्री इतकी की कुणी दार आपटलं तरी हातातलं टाकून उभी राहायची.

तिच्या स्वयंपाकघरात खिडकीपाशी एक उतरंड असायची. घागर, घागरीवर तांब्या, तांब्यावर वाटी आणि वाटीत उभा चमचा. त्यात पाणी नसे की धान्य नसे. एखादी नवी मुलगी विचारायची, "मावशी, हे काय मांडून ठेवलंय?" जुन्या मुली सांगायच्या, "ते मावशीचं भूकंपाचं यंत्र हाय." सगळ्या हसायच्या. अमीरबी काही हसायची नाही.

तिचं सासर किल्लारीच्या बाजूचं. दगडमातीच्या जाड भिंती, वर मातीचं माळवद. त्र्याण्णवच्या आदल्या वर्षी तिकडं भांडी वाजायला लागली. पहिल्यांदा वाजली तेव्हा अख्खं गाव अंगणात झोपलं. मग साहेब लोक आले, बघून गेले, घाबरू नका म्हणाले. आणखी वाजली, आणखी काही झालं नाही. माणूस अंगणात झोपणार तरी किती दिवस? थंडी पडली तशी माणसं घरात गेली आणि भांडी वाजली की "वाजली बघ" म्हणून कूस बदलायला लागली. त्र्याण्णवला भूकंप झाला त्या पहाटेही फळीवरची भांडी आधी वाजली होती. अमीरबी जागी झाली, "वाजली" म्हणाली आणि शेजारी झोपलेल्या अर्शीच्या अंगावरची चादर सारखी केली. अर्शी तिची पाच वर्षांची लेक. अमीरबीला ढिगाऱ्यातून जवानांनी बाहेर काढलं, ती जिवंत होती. अर्शी नव्हती.

भाऊ जलील तिला लातूरला घेऊन आला. तेव्हापासून अमीरबीनं एक पक्कं धरलं, की पुन्हा सवय होऊ द्यायची नाही. भांडं वाजलं की ओरडायचं आणि माणसं बाहेर काढायची. लोक हसतात तर हसू देत.

आता रुळांशेजारी राहून दर वेळी ओरडायचं म्हटलं तर घसाच बसायचा. रूळ दिसतही नव्हते, कारण मध्ये धान्याचं मोठं गोदाम होतं. पण यावर तिनं तोड काढली होती. डिझेलचं इंजिन मालगाडी घेऊन निघालं की आधी त्याची घरघर यायची आणि ती जवळ आली की मग चमचा वाजायचा. आधी आवाज आणि मग चमचा, म्हणजे गाडी. नुसताच चमचा, म्हणजे पळा. इतक्या वर्षांत हा हिशोब कधी चुकला नाही. मधे एकदोनदा हलके धक्के बसले, तेव्हा बाकीचं लातूर 'काय झालं' म्हणून एकमेकांना विचारत होतं आणि अमीरबीच्या मुली अंगणात उभ्या होत्या.

मग रुळांवर विजेच्या तारा आल्या. जलीलचा मुलगा शारिक रेल्वेत इंजिन चालवायचा, नेमणूक नांदेडला. जन्म डिझेलवर गेलेला. विजेच्या इंजिनाचं प्रशिक्षण घेऊन तो आत्याला भेटायला आला तो लेकीसाठी स्थळ बघून आल्यासारखा खूश होता.

"डिझेलवालं आपली वीज आपल्याच पोटात तयार करतंय फुफू, म्हनून एवढं बोंबलतंय. हे वरच्या तारेतून घेतंय. नव्वदच्या दशकात पहिली काही इंजिनं बाहेरच्या देशातून आली. मग बंगालात, चित्तरंजनला, आपल्याच लोकांनी बांधायला घेतली. मालगाडीच्या इंजिनाचे गिअर बदलून प्रवासी गाडीचं भावंड काढलं. आतली यंत्रं तर अजून बदलायलेत. आन् ब्रेक मारला की वीज उलटी तारेत जाती! अंगात ताकद लई, पर आवाज म्हनशील तर न्हाईच."

गिअर, भावंडं, बंगाल सगळं अमीरबीच्या डोक्यावरून गेलं. शेवटचं तेवढं डोक्यात राहिलं.

"आवाज न्हाई म्हंजे?" तिनं विचारलं.

म्हणजे काय, ते थोड्याच दिवसांत कळलं. दुपारची वेळ, मुली वर अभ्यास करत होत्या. चमचा वाजला. अमीरबीनं कान दिला. घरघर नाही. ती जिन्याशी जाऊन जीव तोडून ओरडली, "पळा! पोरींनो, पळा!" मुली धडाधड उतरल्या. शेवटच्या वळणावर शिरूरच्या अण्णारावांची लेक पुनम पडली, तिच्यावर आणखी दोघी. सगळ्या फाटकाबाहेर येऊन बघतात तर गोदामाच्या पलीकडून मालगाडीचे शेवटचे डबे निवांत चालले होते. पुनमचं उजवं मनगट मोडलं. डॉक्टरकीची परीक्षा तोंडावर होती. प्लास्टर काढलं तरी हात दुखत होता, पेपर बिघडला, आणि पोरीचं वर्ष गेलं.

अण्णाराव येऊन नाही नाही ते बोलून गेले. किशनराव तसा वाईट माणूस नव्हता, पण तोही म्हणाला, "अमीरबी, पुन्यांदा वरडलात तर मला दुसरी बाई बघावी लागंल. पालक पोरी काढून न्यायलेत."

नोकरीची तिला तेवढी फिकीर नव्हती. जलील काही उपाशी ठेवणार नव्हता. पण ओरडावं तर पोरी जिन्यात पडणार, आणि नाही ओरडलं तर... त्याच्या पुढचा विचार तिला करवत नव्हता. दिवसभर तिचा जीव टांगणीला लागलेला असायचा.

शारिकनं तिची भीती जावी म्हणून तिला स्टेशनावर नेलं आणि उभं असलेलं नवं इंजिन दाखवलं. जवळ गेल्यावर आतून पंख्यांची घूं घूं तेवढी ऐकू येत होती. अमीरबीनं भीत भीत त्याच्या अंगाला तळहात लावला.

"हे चालू हाय का बंद?"

"चालू हाय फुफू."

तिनं झटक्यात हात मागं घेतला. "एवढं मोठं धूड, आन् चालू हाय तरी कळू देत न्हाई? तू जाताना भोंगा तरी देत जा बाबा."

"मी देईन. बाकीच्यांनी कशापायी द्यावा?" शारिक म्हणाला, आणि तेही खरंच होतं.

मग अमीरबीनं गप्प बसायला शिकून घेतलं. चमचा वाजला की पदराचा बोळा दातांत धरायचा, डोळे मिटायचे, अल्लाचं नाव घ्यायचं. सुरुवातीला घामानं अंग भिजायचं, पीठ मळता यायचं नाही. पण गाड्या जात राहिल्या, घर जागच्या जागी राहिलं. हळूहळू पदर दातांतून सुटला. पावसाळा लागेपर्यंत चमचा वाजत असतानाही तिची भाकरी गोल यायला लागली. सुटले बाई एकदाची, असं तिलाही वाटलं.

एका सकाळी मुली खाली बसून पोहे खात होत्या. पुनमही होती, ती पुन्हा परीक्षा द्यायला त्याच खोलीत राहिली होती. चमचा वाजला, नेहमीपेक्षा जरा जास्त वेळ. पुनमनं मान वर केली. "मावशी?"

"गाडी हाय, खा," अमीरबी म्हणाली आणि तिनं भाकरी तव्यावर टाकली.

भाकरी पुरती भाजायच्या आत नांदेडहून शारिकचा फोन आला. "फुफू, हितं जमीन हलली. तिकडं जानवलं का?"

"न्हाई रे. आत्ता वाजलं जरा, पर ती गाडी होती."

"गाडी? तिकडं सकाळपासून ब्लॉक हाय, तारेचं काम चालू हाय. एक बी गाडी सुटली न्हाई."

अमीरबीनं फोन खाली ठेवला. ती भिंतीला टेकून खाली बसली. तव्यावरची भाकरी करपली, धूर झाला, तरी ती उठली नाही. खा म्हणाले मी. वर मजले होते, खाली पोरी होत्या, आणि मी खा म्हणाले.

मुलींच्या मोबाईलवर बातमी आली, की नांदेडच्या बाजूला सौम्य धक्का, कुठंही हानी नाही. किशनराव हसतच आत आला. "अमीरबी, लई बरं झालं, वरडला न्हाईत. उगं पोरी पडल्या असत्या." आयुष्यात कुणी केलेलं कौतुक तिला इतकं झोंबलं नव्हतं.

तिनं मुलींना जवळ बोलावलं. "पोरींनो, आजपासून माज्या भरवशावर राहू नका. मला सवय झाली. चमचा वाजला आन् मला भ्या वाटलंच न्हाई." एवढं बोलून ती पदरात तोंड घालून रडायला लागली.

मोडलेल्या मनगटाची पुनमच बोलली. "मावशी, तुम्ही वरडा. गाडी असली तरी वरडा. आमी नीट उतरू."

"दिवसातून धा वेळा वरडावं लागंल गं."

"मग धा वेळा उतरू."

"पेपरच्या दिवशी बी?" मागून एकीनं कुरकुर केली.

"पेपरला जायला खालीच यावं लागतंय ना?" पुनम म्हणाली.

दुपारी ब्लॉक संपला आणि थोड्या वेळानं चमचा वाजला. गाडीच असणार, हे अमीरबीला ठाऊक होतं. सकाळीही ठाऊक होतं. कशीबशी ती जिन्यापर्यंत गेली आणि चिरक्या आवाजात ओरडली, "पोरींनो, खाली या!"

मुली उतरल्या. धावत नाही, भिंत धरून, हातातलं पुस्तक हातातच ठेवून. सगळ्यांच्या पुढं पुनम. अंगणात येऊन उभ्या राहिल्या. गोदामाच्या पलीकडून मालगाडी गेली. कुणी हसलं नाही. किशनराव कचेरीतून तावातावानं बाहेर आला, काहीतरी बोलायला त्यानं तोंड उघडलं, मुलींकडं बघितलं आणि गुमान त्यांच्या शेजारी येऊन उभा राहिला. सगळ्यांत शेवटी अमीरबी बाहेर आली. तिचे हातपाय लटलट कापत होते, आणि ते कापताहेत म्हणूनच तिला हायसं वाटत होतं.