खंडेनवमीची लेबलं

तळोज्याच्या डेटा सेंटरमध्ये मी बारा वर्षं होते. काम याद्यांचं: कोणता सर्व्हर कोणत्या कप्प्यात, कधी काढला, कोणी परत बसवला.

आमचे सर्व्हर ड्रॉवरसारखे ओढून काढता येत. कोणी पळवलाच, तर आतली माहिती हाती लागू नये म्हणून तो बाहेर येताच त्याची डिस्क कुलूपबंद होई. किल्ली कप्प्यातच राही. सर्व्हर आपल्या कप्प्यात परतला की कुलूप उघडे. तीनदा चुकीच्या कप्प्यात चालू केला, तर सगळं पुसलं जाई.

मशीनच्या खोलीत उदबत्ती, हळदकुंकू चालत नसे. त्यामुळे खंडेनवमीला दोन सर्व्हर बाहेर टेबलावर आणून त्यांना झेंडूचे हार घालायचे. एका वर्षी आदल्या दिवशी मी त्या दोघांची कप्प्याच्या नंबराची मळकी लेबलं काढून यादीवरून नवी छापून लावली. हौसेनं.

पूजेनंतर आमच्या टेक्निशियननी लेबलं बघून ते परत बसवले. शिरढोणचे एक गृहस्थ, माझ्याच वयाचे, कंत्राटावर. कुलूप उघडेना. त्यांनी काढून पुन्हा बसवले, तरी तेच. मग ते मला बोलवायला आले.

"मॅडम, हे अदलाबदल झालेत. ओरखडा हाय तो वरच्या कप्प्यातला. मीच काढलाय ना सकाळी. आता तिसऱ्यांदा नको."

"यादीत आहे तसंच करा," मी म्हटलं. पेढे वाटायचे राहिले होते.

त्यांनी केलं. नवीन पनवेलच्या एका लॅबचे रिपोर्ट पुसले गेले. दुसरी प्रत होती, म्हणून बरेचसे परत मिळाले. त्या सकाळचे गेलेच.

चौकशीच्या फॉर्मवर 'कोणी बसवला', 'किती वेळा' असे रकाने होते. मी ते बरोबर भरले. त्यांनी मला थांबवलं होतं, हे लिहिलं नाही. महिनाअखेर त्यांचं कंत्राट संपवायचं ठरलं.

चौथ्या दिवशी यादी तपासताना दोन आकडे उलटे सापडले. माझ्याच हातचे. टेक्निशियन अजून कामावर येत होते, समोरच्या खुर्चीत डबा खात होते. मी आकडे दुरुस्त केले आणि फाइल बंद केली.

काही वर्षांनी ते पनवेलच्या एसटी स्टँडवर भेटले. आता पंप दुरुस्त करतात म्हणाले. मुलांची चौकशी झाली. मग हसतच त्यांनी विचारलं, "मॅडम, ते दोन अदलाबदलच झालेले ना?"

"आता आठवत नाही हो."

"असंल," म्हणाले आणि गाडी लागली तशी माझी पिशवी वर चढवून दिली.

मला यादीतली ती ओळ कितवी होती, तेही आठवत होतं.