दारू तपासून देणारी बाई

आमच्या शेजारच्या खोलीतला माणूस गिरणीत साचे, म्हणजे माग, चालवायचा. एका रविवारी दुपारी तो झोपेतून उठून दारापर्यंत आला आणि बायकोला म्हणाला, "अंधार का केलायस गं? दार उघड की." दार सताड उघडं होतं. बाहेर ऊन रणरणत होतं. मी समोर बसून तांदूळ निवडत होते. त्याची बायको हसली. तिला वाटलं, हा चेष्टा करतोय. मग त्यानं दोन्ही हात पुढे करून चौकट चाचपली, आणि तिचं हसू तिथंच थांबलं.

ही सत्तरच्या दशकातली सोलापूरची गोष्ट. मी तेव्हा चोवीस वर्षांची होते. एका कॉलेजात रसायनशास्त्राची डेमॉन्स्ट्रेटर म्हणून लागले होते. मुलांच्या प्रॅक्टिकलआधी द्रावणं तयार ठेवायची, नळ्या-बर्नर हाताळायला शिकवायचं, हे काम. वडील गेल्यावर आई आणि मी गिरणीजवळच्या एका चाळीत राहत होतो. चाळीतले बहुतेक पुरुष गिरणीत, आणि त्यातले निम्मे तरी शनिवारी पगार झाला की तमाशाच्या थेटरामागच्या गुत्त्यावर. सरकारी परवान्याची देशी दारू मिळायला लागली होती, पण गुत्त्यावरची स्वस्त पडायची आणि ओळखीची वाटायची.

शेजाऱ्याला दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, दारूतून विष गेलंय. दुसऱ्या दिवशी त्याची बायको तिथून थेट माझ्याकडे आली. पदराखालून तिनं एक चपटी बाटली काढली. तळाशी चार बोटं दारू होती.

"बाई, तुमी कालिजात औषधं मिसळता म्हणं. ह्यात काय हाय ते बघून द्या की."

मी म्हटलं, "वहिनी, आता कळून काय उपयोग?"

"ह्यांच्यासाठी न्हाई. त्याच पिंपातली आज दुसरी माणसं पिणार हायत की."

मला माझीच लाज वाटली. बाटली मी डब्याच्या पिशवीत घालून कॉलेजात नेली. पॉलिशवाले वापरतात त्या स्पिरिटमध्ये मिथाइल नावाचं अल्कोहोल असतं. वासाला, चवीला ते दारूसारखंच, पण पोटात गेलं की आधी नजर नेतं, मग जीव. ते ओळखायची एक रीत पुस्तकात होती. नमुन्यात आम्ल आणि परमँगनेट घालायचं, दहा मिनिटं थांबायचं, मग दुसऱ्या एका आम्लानं तो रंग घालवायचा आणि शेवटी एक बिनरंगी द्रावण घालून अर्धा तास वाट बघायची. विष असेल तर नळी जांभळी होते. मी शेजारी चांगल्या अल्कोहोलची एक नळी लावली, ताडून बघायला. ती जवळजवळ पाण्यासारखी राहिली. वहिनींच्या बाटलीची नळी जांभळासारखी जांभळी झाली.

मी धावत घरी आले, वहिनी गुत्त्यावर गेल्या. पण ते पिंप कालच संपलं होतं. आणखी दोघं-तिघं चार दिवस डोकं धरून होते म्हणे. शेजारी घरी आला तो उजेड आणि अंधार एवढाच फरक कळण्याइतकी नजर घेऊन.

त्यानंतर हे सुरू झालं. मी ठरवून केलं असं म्हणता येणार नाही. वहिनी चाळीतल्या बायकांशी बोलल्या आणि शुक्रवारी-शनिवारी माझ्याकडे औषधाच्या छोट्या बाटल्या यायला लागल्या. प्रत्येकीवर दोऱ्याची वेगळी खूण. 'पिऊ नका' म्हटलं तर नवरे ऐकणार नव्हते. ते सांगून सांगून या बायका थकल्या होत्या. निदान पितात ते काय आहे एवढं तरी कळावं, एवढंच त्यांना हवं होतं. आईला ते मुळीच पटलं नाही. "मुलीची जात, आणि घरात दारूच्या बाटल्या," ती म्हणाली. पण वहिनी दारात आल्या की तीच त्यांना आत घ्यायची.

मी एक नियम केला होता. "चांगली आहे" असं कधी म्हणायचं नाही. "या बाटलीत ते एक विष मला सापडलं नाही," एवढंच म्हणायचं. बायकांना हे बोलणं किचकट वाटायचं.

"म्हंजे प्यायला चालंल का न्हाई?" एकीनं विचारलं.

"ते मी सांगू शकत नाही. दुसरं काही असलं तर मला दिसत नाही. पिंपाच्या तळाचं वेगळं असू शकतं."

"मंग तुमच्या सांगण्याचा अर्थ काय?"

जांभळी झालेली नळी सोपी होती. कोरी नळी मला झोपू द्यायची नाही. ज्या बाटलीत काही सापडलं नाही असं मी सांगितलं, ती ज्याच्या घरून आली होती तो माणूस दुसऱ्या दिवशी सकाळी नळावर दात घासताना दिसेपर्यंत मी दारातून हलायचे नाही. आई म्हणायची, "कुणाची वाट बघतेस गं एवढी?"

मग एक दिवस गुत्तेवाली स्वतः आली. तिला सगळे अक्का म्हणत. पन्नाशीची, जाड काठाचं लुगडं, कपाळ मोकळं, अक्कलकोटकडची. मराठीत मधूनच कानडी शब्द यायचा. ती दारातच उभी राहिली. मला वाटलं, आता भांडण होणार.

ती म्हणाली, "माझा माल तू बघतीस म्हणं, तंगी." तंगी म्हणजे कानडीत धाकटी बहीण.

"हो."

"बघ की. मीच पाठवते. पण कागदावर लिवून दे. 'चांगली हाय' म्हणून. मी भिंतीला लावते."

"लिहून देणार नाही, अक्का. चांगली असं मी तोंडानंही म्हणत नाही."

ती उंबऱ्यावर टेकली. "मी घरची भट्टी लावते ती गुळाची. ती मला ठाव हाय. पण माल कमी पडला की भाईरून पिंप येतंय. त्यात काय घालत्यात ते मला बी ठाव न्हाई. त्या साच्यावाल्याचं तोंड बघवत न्हाई मला."

आमचं एवढंच ठरलं: बाहेरचं पिंप आलं की फोडायच्या आधी नमुना माझ्याकडे, आणि मी निरोप पाठवेपर्यंत पिंप बंद. कागद नाही.

दोन महिने ते चाललं. मग थंडीत जत्रेचे दिवस आले. थेटरात रोज खेळ, गावाबाहेरची माणसं, आणि अक्काची भट्टी पुरेना. एका शनिवारी अकरा वाजता वहिनी कॉलेजच्या फाटकाशी बाटली देऊन गेल्या. नवं पिंप सकाळीच आलं होतं.

शनिवारी कॉलेज अर्धा दिवस. मुलं गेल्यावर मी दोन वाजता नळ्या लावल्या. या वेळी एकाच नमुन्याच्या दोन. विभागप्रमुख अजून त्यांच्या खोलीत होते. जास्तीचं परमँगनेट आम्लानं घालवलं, शेवटचं द्रावण घातलं आणि घड्याळाकडे बघत उभी राहिले. पाच मिनिटांतच दोन्ही नळ्यांना तळाशी रंग धरायला लागला. मी स्वतःला म्हटलं, थांब, अर्धा तास होऊ दे, घाई करू नकोस. आणि तेवढ्यात मागून आवाज आला.

"आज कुठलं प्रॅक्टिकल?"

विभागप्रमुख. वयस्कर, कडक, पांढऱ्याशुभ्र कपड्यांतले. मी म्हटलं, "अल्कोहोल ओळखण्याचं, सर." ते जवळ आले, बाटली उचलून नाकाशी धरली.

"हे आपल्या कपाटातलं नाही."

नळ्या आता कुणीही दुरून ओळखावं इतक्या जांभळ्या झाल्या होत्या. त्यांनी नळ्यांकडे बघितलं. त्यांना त्याचा अर्थ माझ्याहून जास्त चांगला कळत होता.

"सर, मला जायला पाहिजे," मी म्हटलं. "आत्ता."

"सोमवारी माझ्या खोलीत या," ते म्हणाले आणि बाजूला झाले.

मी रिक्षा केली. घरून वहिनींना घेतलं. नवरा त्यांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "मी बी येतो." त्याला नको म्हणायला वेळ नव्हता. तिघं गुत्त्यावर पोचलो तेव्हा साडेतीन झाले होते. पिंप कोपऱ्यात होतं आणि त्याचं झाकण उघडं होतं.

"अक्का, झाकण कुणी काढलं?"

तिचा चेहरा उतरला. "एकालाच दिली गं. हातगाडीवाला. लई मागं लागला. नवी पेठेतनं आल्ता, गठ्ठे पोचवून मग थेटरात जायचं म्हणाला. मोठा गिलास घेऊन गेला. अर्धा तास झाला."

"जांभळी आली, अक्का."

ती कानडीत काहीतरी पुटपुटली. भिंतीला टेकून चार माणसं बसली होती, ती उठून उभी राहिली. त्यातला एक म्हणाला, "ही कोन कालिजची पोर, तिला काय कळतं? घरची बायकापोरं नाटकं करत्यात." अक्का पदर खोचून पुढे झाली. ती वाकली, पिंपाला दोन्ही हात लावले, पण एकटीला ते हलेना. वहिनींनी दुसरी बाजू धरली. दोघींनी मिळून ते मोरीत आडवं केलं. दारू गळगळत गेली आणि खोलीभर असा वास सुटला की डोळ्यांत पाणी आलं. ज्यानं मला नावं ठेवली होती तो माणूस मोरीकडे नुसता बघत राहिला.

हातगाडीवाला नवी पेठेत कापडाचे गठ्ठे ओढायचा. आम्ही तिकडे गेलो. शनिवारची गर्दी, सायकली, रिक्षा, दुकानांच्या पायऱ्यांवर बसलेली माणसं. चौकशी करत करत एका कापडवाल्याच्या गल्लीत तो सापडला. गाडी उभी करून तो विडी ओढत होता. अगदी धडधाकट.

मी सांगितलं, तो हसला. "मला काय झालंय? जरा हलकं वाटतंय फकस्त."

"दवाखान्यात चला."

"दारू पिऊन दवाखान्यात? पोलीस बसवतील मला. बाई, तुमचं काम करा जावा."

मी विनवणी केली, वहिनी ओरडल्या. बघे जमले. मग शेजारी पुढे झाला. त्याला हातगाडीवाल्याचा आवाज कुठून येतोय ते कळत होतं, पण तो बरोबर समोर उभा राहिला नाही. थोडा कलता, दुकानाकडे तोंड करून.

"मला बी काय झालं न्हवतं," तो म्हणाला. "पिऊन घरला गेलो. जेवलो. पोरीला गोष्ट सांगितली. झोपलो. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत मी पण धडधाकटच व्हतो. आता माझ्याकडं बघ. मी तुझ्याकडं बघतोय का?"

हातगाडीवाल्यानं विडी टाकली. मग त्यानं गाडी दुकानदाराच्या हवाली केली.

दवाखान्यातल्या तरुण डॉक्टरला मी काय तपासलं, कसं तपासलं, ते सगळं सांगितलं. मला भीती होती की तो हसेल. तो हसला नाही. त्यानं विचारलं, "किती वाजता प्यायला?" मग म्हणाला, "परवान्याच्या दुकानातून सीलबंद ब्रँडी आणा. लवकर." मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं. त्यानं समजावलं: चांगलं अल्कोहोल पोटात असेल तर शरीर आधी ते जिरवतं आणि विष न मोडता हळूहळू बाहेर जातं. ब्रँडी अक्कानं आणली. ती आमच्या मागोमाग चालत आली होती; कुणीही तिला बोलावलं नव्हतं. बाटली माझ्या हातात देताना तिनं सील दोनदा नीट बघितलं.

हातगाडीवाला चार दिवस तिथं होता. घरी गेला तेव्हा त्याला सगळं दिसत होतं. फक्त ऊन जास्त टोचतं म्हणायचा.

सोमवारी विभागप्रमुखांनी मला बसायला सांगितलं नाही. "कॉलेजच्या आवारात दारू आणणं हा गुन्हा आहे. उद्या पोलीस आले तर तुम्ही जाल, मी जाईन, विभाग जाईल. माणूस वाचला हे मला कळलं. पण मी परवानगी देऊ शकत नाही." ते रागावले नव्हते, घाबरले होते. मीही. मी शब्द दिला आणि पाळला.

संध्याकाळी वहिनींना सांगितलं. त्या म्हणाल्या, "मंग आता शनिवारी आमी काय करायचं?"

मला सुचलं तेवढं मी सांगितलं: पिंप बाहेरून येतंय तोवर पिऊ देऊ नका. अक्कानं तर बाहेरचा माल घेणंच थांबवलं, आणि पुढच्या शनिवारपासून गुत्त्यासमोर आळीपाळीनं दोन बायका बसायला लागल्या, कुठलं पिंप आत जातंय ते बघायला. अक्का त्यांना चहा द्यायची. सहा-आठ महिन्यांनी तिनं गुत्ता बंद केला आणि ती गावी निघून गेली.

पुढच्या पावसाळ्यात गावाच्या दुसऱ्या टोकाला, ज्या गुत्त्याचं मी नावही ऐकलं नव्हतं तिथं, दोन माणसं विषारी दारूनं गेली. ती बातमी मला नळावर कळली. मी कॉलेजात गेले, त्या दिवसाची द्रावणं तयार केली, मुलांना बर्नर लावायला शिकवलं. परमँगनेटची बाटली कपाटात पुढेच होती. मी नळ्या लावत राहिले असते, तरी त्या दोघांची बाटली माझ्यापर्यंत आली असती का, हे मला आजही सांगता येत नाही.