आमच्या हीट पंपाचं इतिवृत्त

खरं तर हे मी बाहेर सांगायचं नाही. "घरच्या मीटिंगचं इतिवृत्त घराबाहेर जाता कामा नये," असं पप्पांनी बजावलंय. पण तीन वर्षांत वही भरत आली आणि सगळ्या पानांवर विषय एकच! किस्से असे साठले की ठासून भरलेल्या डब्यासारखं झाकणच लागेना.

आम्ही कोल्हारला राहतो. पप्पा शिक्षक आणि चर्चच्या कमिटीचे सेक्रेटरी. त्यामुळे आमच्या घरात पडदेसुद्धा सूचक-अनुमोदकाशिवाय बदलत नाहीत. मी कमी बोलते आणि अक्षर बरं आहे, म्हणून इतिवृत्त माझ्याकडे. मला मत नाही. मम्मीला आहे, पण मतदानाच्या वेळी ती चहा करत असते.

विषय: गच्चीवरचा हीट पंप. हवेतली ऊब ओढून अंघोळीचं पाणी तापवणारं यंत्र. वय तेरा, माझ्याहून दोनच वर्षांनी लहान. बदलायचा कधी?

*

श्रीरामपूरहून मिस्त्री आले. बोअरच्या पाण्याचा आतला पांढरा थर त्यांनी नखानं खरवडून दाखवला. "सर, समदा चुना धरलाय. कामातून गेला हा. नवा बघा."

"तुम्ही तपासणी करा. निर्णय कमिटी घेईल," पप्पा म्हणाले.

कमिटी म्हणजे पप्पा आणि सायमनकाका. ठराव झाला: एक हिवाळा निरीक्षण करावे.

हा तिसरा हिवाळा. तरी निरीक्षण चालूच!

*

काका कोपरगावकडे साखर कारखान्यात फिटर होते, म्हणून यंत्रांबाबत त्यांचा शब्द शेवटचा. "मशीन आवाज करतंय न्हवं? मग जित्तं हाय!"

आमचा पंप तर इतका खडखडतो की एका सकाळी शेजारच्या काकू गव्हाचा डबा घेऊन दारात. "सरांनी गिरनी टाकली म्हनं? सांगायचं तरी!"

पप्पांनी लिहून घ्यायला सांगितलं: "यंत्राचा आवाज खणखणीत. शेजाऱ्यांचीही साक्ष."

*

मम्मीचा उजवा खांदा धरलाय. जड उचलायचं नाही, असं डॉक्टरांनी सांगितलंय. तरी ती पहाटे पाचला उठते, गॅसवर मोठं पातेलं ठेवते आणि उकळतं पाणी बाथरूमपर्यंत वाहून नेते. नळाला गारच पाणी येतं. साडेसहाला पप्पांना ऊन पाण्याची बादली भरलेली मिळते. ती कुठून येते, हा मुद्दा विषयपत्रिकेवर अजून कुणी घेतलेला नाही.

"तू सांगत का नाहीस?" मी विचारलं.

"दोनदा सांगितलं. दोन्ही वेळा म्हणाले, पुढच्या मीटिंगला घेऊ."

*

एकदा चर्चचे पाळकसाहेब मुक्कामी होते. सकाळी अंघोळ करून आले ते खुशीत. "सर, काय गरम पाणी हो तुमच्याकडे! यंत्र झकास आहे!"

आत मम्मी खांदा चोळत होती. पप्पांनी मला डोळ्यांनी खुणावलं. मी लिहिलं: "पाळकसाहेबांनी पंपाबद्दल समाधान व्यक्त केले. बदलण्याचा विषय सहा महिने तहकूब."

*

या डिसेंबरात मम्मी चार दिवस बेलापूरला गेली, भाचीच्या बाळाच्या बाप्तिस्म्याला. डाव्या हातात बॅग घेऊन दारातून म्हणाली, "रूथ, तुझी परीक्षा आहे. गॅसला हात लावायचा नाही." आणि हसली.

दुसऱ्या दिवशी साडेसहाला पप्पा अंघोळीला गेले. अंघोळ करताना ते गीत म्हणतात, संथ चालीत, सगळी कडवी. त्या दिवशी अर्धी ओळ झाली, तांब्या पडला आणि उरलेली कडवी एका श्वासात संपली!

टॉवेल गुंडाळून ते बाहेर आले. वर पंप खडखडतच होता. दात वाजत असताना म्हणाले, "असा एकाएकी कसा बिघडला? कालपर्यंत उत्तम चालत होता!"

काका धावत आले. तातडीची सभा बसली. मम्मीला फोनवर घेतलं, स्पीकर लावून.

"अहो, घाई कशाला?" मम्मी म्हणाली. "एक हिवाळा निरीक्षण करा."

ती परत यायच्या आत नवा पंप आणायचा ठराव पाच मिनिटांत मंजूर झाला. पप्पांनी सांगितलं, "कारण लिही: पंप आज सकाळी अचानक बंद पडला."

मी पेन उचललं. तीन वर्षांत पहिल्यांदाच सांगितलेलं सोडून दुसरं लिहिलं, तेही सुवाच्य अक्षरात. वाक्य असं होतं, की आमच्या घरातला पंप रोज पहाटे पाचला उठून…

"रूथ! वही घेऊन ये गं! पप्पा मागतायत!" बेलापूरहून परतलेली मम्मी बाहेरून हाक मारतेय.