सरदारानं उचललेला भंडारा

आमच्या गावच्या यात्रेत नाटक बसवायचं म्हटलं की सरदाराचं काम करायला निम्मं गाव तयार असतं. राक्षसाचं काम मात्र कोणी घेत नाही. बिरोबाच्या दारात तोंडाला काळं फासून राक्षस व्हायचं म्हणजे वर्षभराची साडेसाती मागं लावून घ्यायची, अशी सगळ्यांची समजूत. त्या वर्षीचं नाटक मी लिहिलं होतं. मी हायस्कूलवर विज्ञान शिकवत होतो आणि असल्या समजुतींना भीक घालत नव्हतो. तेव्हा राक्षस मीच झालो. ते काम मला फारच चांगलं जमलं, हे आता सांगायला लाज वाटते.

गाव सांगली जिल्ह्याच्या पूर्वेचं, कोरड्या मुलखातलं. पूर्वी सगळी मेंढरं राखणारी घरं, आता जोडीला डाळिंबाच्या बागा. सरदाराचं काम माझ्या मित्राकडं होतं. पहिलीपासून आम्ही एका बाकावर बसलेलो. सहा फूट उंची, भरघोस मिशी, आणि आवाज असा की माळावरून हाक मारली तर मेंढरं जागच्या जागी थांबायची. त्याचं लग्न होऊन वर्ष झालं होतं. त्याची बायको मला भावजी म्हणायची, आणि मी त्यांच्या घरी गेलो की माझ्यासाठी वेगळी भाकरी थापायची, कारण मला पातळ लागते.

नाटकाची गोष्ट सोपी होती. कुठल्याच इतिहासात न सापडणारा एक सरदार. त्याच्या किल्ल्याला वेढा पडलाय, धान्य संपलंय. राक्षस येऊन म्हणतो, मी वेढा उठवतो. बदल्यात तुझ्या घरात जे आहे आणि तुला अजून ठाऊक नाही, ते माझं. सरदार हसतो. माझ्या घरात मला ठाऊक नसलेलं काय असणार? तो शब्द देतो. वेढा उठतो, सरदार घरी जातो, आणि बायको त्याच्या कानात सांगते की तिला दिवस गेलेत.

सरदारानं शब्द कसा द्यायचा, हे मी ठरवलं. तो भंडारा उचलणार होता. भंडारा म्हणजे देवाची हळद. आमच्याकडं बांधाचं भांडण असो की सोयरिकीचं, शेवटी देवळात जाऊन भंडारा उचलायला सांगतात. कोर्टात बेधडक खोटं बोलणारा गडीही तिथं अडखळतो. एकदा उचलला की शब्द फिरत नाही. सोडवायचा तर एकच वाट. ज्याच्या सांगण्यावरून उचलला, त्याच्याच हातात देवासमोर तो परत ठेवायचा आणि त्यानं ‘सुटलास’ म्हणायचं.

तालमीत आम्ही बेसन वापरत होतो. पण यात्रेच्या दिवशी, दिवेलागणीला पडदा वर जायच्या आधी मी ताटलीतलं बेसन मोठ्या दिव्यांखाली धरून बघितलं, तर ते कणकेसारखं फिकं दिसलं. मला पिवळाधमक रंग हवा होता. देऊळ चार पावलांवर होतं. मी आत गेलो, देवापुढच्या ताटातला मूठभर भंडारा घेतला आणि बेसनाच्या जागी ठेवला. कुणाला विचारलं नाही. लेखक म्हणून अंगात आलं होतं.

मित्रानं ताटलीत हात घातला आणि त्याला वासानंच कळलं. तो थांबला. माझ्याकडं बघितलं. लोकांना वाटलं काय अभिनय आहे, टाळ्या पडल्या. मी तोंडातल्या तोंडात म्हणालो, “उचल रं, बघतुयास काय?” त्यानं उचलला, कपाळाला लावला आणि खणखणीत आवाजात बोलला, “माझ्या घरात जे हाय आन मला ठाव न्हाई, ते तुझं.”

बायकांच्या बाजूला पुढच्याच रांगेत त्याची बायको बसली होती. ती उठली आणि अंगावरचा पदर घट्ट ओढून चालू लागली. मला राग आला. ऐन रंगात आलेल्या नाटकातून उठून जाते म्हणजे काय?

तिला दुसरा महिना होता. यात्रा उरकली की नवऱ्याला सांगायचं असं तिनं ठरवलं होतं.

चौथ्या महिन्यात ते मूल गेलं. सांगलीच्या डॉक्टरनं कारण सांगितलं. ते शरीराचं कारण होतं आणि मला ते पूर्ण पटलं. गावाला दुसरं कारण पटलं. मी पारावर बसून लोकांशी वाद घातला, फळ्यावर शिकवावं तसं हातवारे करून शिकवलं. लोक ऐकायचे, मान हलवायचे आणि मी उठलो की पुन्हा तेच बोलायचे. मित्र मात्र म्हणाला, “सोड गड्या. लोकांचं काय, तोंड हाय म्हणून बोलत्यात.” तेवढ्यावर मी निर्धास्त झालो. त्याची बायको काय म्हणते, हे मी विचारलं नाही.

पुढं माझी बदली कऱ्हाडला झाली आणि मी तिथंच शेजारी मलकापुरात घर केलं. दोन वर्षांनी एका रविवारी दोघं एसटीनं माझ्या दारात आले. तिला पुन्हा दिवस गेले होते. चहाला दोघांनी हात लावला नाही. तिनंच विषय काढला.

“भावजी, एक दीस गावाकडं चला. ह्ये तुमच्या हातात भंडारा ठेवतील. तुमी ‘सुटलास’ म्हणा. लय वेळ न्हाई लागायचा.”

मी हसलो. खरंच हसलो. मग तिला समजावायला लागलो. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, “तुमी मानत न्हाई, हे मला ठाव हाय. मी मानाच असं म्हंतेय का? ह्यास्नी तरी कुठं मानून बोलायला लावलंसा तवा? तसंच न मानता तुमी बी बोला. एक शबुद तर हाय.”

तिचं बोलणं बिनतोड होतं. पण तेवढ्यानं मी ऐकलं असतं तर मास्तर कसला? मी म्हणालो, मी मुलांना अंधश्रद्धेवर भाषणं देतो आणि स्वतःच देवळात उभा राहून असलं काही करू? गाव काय म्हणेल? उद्या प्रत्येक जण माझं उदाहरण देईल. ही सगळी कारणं चांगली होती. खरं कारण एवढंच की पारावर घातलेला वाद मला हरायचा नव्हता.

मित्र उठला. “चल गं,” एवढंच म्हणाला.

सातव्या महिन्यात त्याचा फोन आला. असा पडलेला आवाज मी त्याचा कधी ऐकला नव्हता. “एकडाव ये रं. ती जेवत न्हाई. पोटात हाललं तरी भेती आन न्हाई हाललं तरी भेती.” मी त्याला सांगलीतल्या एका चांगल्या डॉक्टरचा नंबर पाठवला. वर ‘काळजी करू नको’ असंही लिहिलं.

मुलगी झाली. ठणठणीत, रडकी, भरल्या अंगाची. बातमी कळली तसा मला मनापासून आनंद झाला आणि त्या आनंदात निम्मा वाटा मी खरा ठरल्याचा होता. बारशाचं बोलावणं आलं नाही. विसरले असतील असं मीच ठरवलं, पेढे घेतले आणि गाव गाठलं.

मित्राची मोटरसायकल दारातच लावलेली होती, तो काही बाहेर आला नाही. ती पुढच्या सोप्यात बसली होती, मांडीवर पोर. हाडांवर कातडं ओढल्यासारखी झाली होती, डोळे आत गेलेले. आईपण असं दिसत नाही, भिऊन भिऊन झिजलेलं माणूस असं दिसतं. दोन तासांचा एसटीचा प्रवास आणि एक शब्द, एवढ्यात मला ते थांबवता आलं असतं. हे मला तिथंच, उंबऱ्यावर उभ्या उभ्या कळलं. तरी तोंडातून जे यायचं तेच आलं.

“बघा वहिनी,” मी म्हणालो, “मी सांगत होतो ना? काही झालं का?”

तिनं पोरीच्या तोंडावर पदर ओढला.

“न्हाई,” ती म्हणाली. “तुमास्नी काय बी झालं न्हाई.”