देवाच्या डोहातले मासे

भजनी मंडळात अभंगांपेक्षा किस्सेच लवकर पाठ होतात! आमच्या पनवेलच्या मंडळाचे बहुतेक किस्से तर एकाच डोहाभोवती जमले आहेत.

आपटा गावाजवळच्या ओढ्यावर महादेवाचे मंदिर. दर सोमवारी तेथे आमचे भजन. पायऱ्यांखालच्या डोहातले मासे देवाचे. तेथे जाळे टाकायचे नाही, कणकेच्या गोळ्या घालायच्या. हा मान धर्माभाऊ या आगरी शेतकऱ्याच्या घराण्याचा. मासे त्यांना पोटच्या लेकरांसारखे!

*

स्वातंत्र्यानंतर पंधराएक वर्षांनी टेकडीपलीकडे कारखान्याची चिमणी धूर ओकू लागली. त्या पावसाळ्यात आमचे पेटीवादक गोपाळ मास्तर तीर्थ घेताच दचकले.

"पुजारीबुवा, तीर्थात लिंबू पिळलंत काय?"

"लिंबू कसलं! ओढ्याचंच पाणी आहे, मास्तर. पुन्हा घ्या, पुण्य दुप्पट!"

*

पुजारीकाकू मात्र प्रसन्न. ओढ्याच्या पाण्याने भरून ठेवलेला तांब्याचा हंडा आतून न घासताच लखलखू लागला होता.

"महादेवाची कृपा! चिंच वाचली!"

*

पाण्यावर सरसर पळणारे किडे, निवळ्या, दिसेनासे झाले. धर्माभाऊंनी ओढ्यातले दगड उलथून पाहिले. खाली एक किडा नाही.

मास्तर म्हणाले, "उत्तम! आता स्नान सुखाचं."

"मंग मासं काय तुमची पेटी आयकून प्वाट भरतील?"

*

मासे खोल दडले. कणकेच्या गोळ्या तशाच विरघळून जात. त्या वर्षी पिल्ले दिसलीच नाहीत. भजन संपले तरी धर्माभाऊ पायरीवरून उठत नसत.

"आज्यानं राखलं, बापानं राखलं. माज्या हातनं जानार काय?"

आम्ही मोठ्या श्रद्धेने महादेवाला दह्याचा अभिषेक केला. घागरीच्या घागरी दही पन्हळीतून डोहात उतरले. मासे आणखी खोल गेले!

*

त्रिपुरी पौर्णिमेपूर्वी मंदिराला चुना लावण्याची सेवा असते. चुन्याची बादली डोहात विसळायची नाही, मासे मरतात, हा तेथला कडक नियम. मास्तर सोवळे सावरत चुन्याचे पिंप सरकवू लागले आणि त्यांचा पाय घसरला. अख्खे पिंप पायऱ्यांवरून डोहात! पाणी दुधासारखे झाले.

"मास्तर, मारलंत देवाचं मासं!" धर्माभाऊ डोहाकडे धावले. मास्तरांनी कान धरून देवापुढे लोटांगण घातले.

पुढच्या सोमवारी तीर्थ आंबट लागले नाही, पण मास्तर डोहाकडे पाहीनात. धर्माभाऊंनी सवयीने एक गोळी टाकली. पाण्यातून एक काळी पाठ वर आली. मग दुसरी. मग घोळकाच!

त्याच्या पुढच्या सोमवारी धर्माभाऊ डोक्यावर चुन्याची पाटी घेऊन हजर. ती पायरीवर उतरवत म्हणाले,

"मास्तर, सोवळं नेसा. घसरायची येळ झाली!"