सिराजुद्दीनची घंटीवाली मोटार

सिराजुद्दीन वल्द मुश्ताक, राहणार मौजे नागाव, तालुका अलिबाग, जिल्हा कुलाबा. जात मुसलमान, वय अदमासे बेचाळीस, बांधा सडपातळ, रंग सावळा. ओळखीची खूण : डावा गुडघा वाकत नाही. लिहितावाचता येते, परंतु लिहीत नाही. पूर्वीचा व्यवसाय आगबोटीवर तेलवाला. सध्याचा व्यवसाय मोटारीचा क्लीनर. कर्तव्ये : मोटार पुसणे, पाणी भरणे व चालकाच्या हुकमतीत राहणे. वर्तणूक चांगली.

हे वर्णन १९३४ साली एका सरकारी कारकुनाने केलं. त्यातली गुडघ्याची नोंद बरोबर आहे.

गुडघा एडनच्या थोडा अलीकडे गेला. यंत्रखोलीतल्या लोखंडी शिडीवर तेल सांडलं होतं आणि ते तेल सिराजुद्दीननेच सांडलं असल्यामुळे कुणावर चिडायची सोय नव्हती. बोटीवरच्या डॉक्टरने पाय सरळ बांधला आणि पाय आयुष्यभर सरळ राहिला. सरळ पायाच्या माणसाला यंत्रखोलीची शिडी उतरता येत नाही. मुंबईत उतरून तो नागावला आला, वाडीत सुपारीच्या झाडाखाली बाजेवर बसला, आणि विहिरीवरचा रहाट बिघडायची वाट बघू लागला. रहाट मजबूत होता.

त्याचा मेव्हणा हमदुल्ला याचं मुंबईत नळबाजारात छत्र्यांचं दुकान होतं. सिराजुद्दीनला गादीवर बसवून गिऱ्हाइकांवर नजर ठेवायला सांगावं, हा हमदुल्लाचा विचार प्रेमाचा होता. सिराजुद्दीन आठवडाभर जाऊन बसूनही आला. पाय वाकत नसल्याने तो गादीवरून सरळ दुकानाच्या वाटेत यायचा आणि गिऱ्हाइकं त्याला अडखळायची. अडखळलेलं गिऱ्हाईक छत्री घेत नाही.

"दुलाभाई, सवय होईल," हमदुल्ला म्हणाला.

"कुणाला? मला की गिऱ्हाइकांना?"

तरी हमदुल्लाने मुदत घातली. पुढच्या ईदपर्यंत सिराजुद्दीनला नागावात काही काम लागलं तर ठीक, नाहीतर त्याने आणि त्याच्या बायकोने, फिरोजाने, बिऱ्हाड मुंबईला हलवायचं. फिरोजाला मुंबईचं पाणी आवडत नव्हतं. सिराजुद्दीनला छत्र्या आवडत नव्हत्या. ज्या वस्तूला एकच दांडा आणि एकच खटका, तिच्याकडे दिवसभर काय बघायचं, असं त्याचं म्हणणं.

मोटार अशा वेळी आली. मुंबईच्या एका शेठजींच्या मुलाने विलायती बनावटीची, दोन माणसांची, शर्यतीच्या तोंडवळ्याची छोटी मोटार पडावावर घालून मांडव्याला उतरवली होती आणि ती नागावच्या एका नारळाला नेऊन भिडवली होती. नारळ जुना असल्यामुळे हलला नाही. शेठजींचा मुलगा मुंबईला परतला तो आलाच नाही. मोटार शेठजींच्या नागावातल्या बंगल्याच्या पडवीत पडली आणि तिच्यात कोंबड्या राहू लागल्या. अखेर शेठजींचा निरोप आला की पडवी मोकळी करा. बंगल्याचा राखणदार मोरू सिराजुद्दीनला म्हणाला, "न्यायची तं ने बाबा. आमच्या मालकाला ती दिसली की पोराची आठवण येते, आन् पोराची आठवण आली की ते माज्यावर वरडतात."

बैलगाडीला बांधून मोटार वाडीत आली तेव्हा फिरोजा दारात उभी होती.

"ही आता निजणार कुठं?"

"बाजेवर. मी उठलो तिथून."

एवढ्यावर फिरोजाने तो विषय सोडला. नवरा बाजेवरून उठला होता, ही गोष्ट तिच्या लक्षात आली होती.

इंजिन पाहून सिराजुद्दीनला प्रथम हसू आलं. ज्या सिलिंडरांत माणूस उतरून झाडू मारतो अशा सिलिंडरांजवळ त्याचं आयुष्य गेलेलं. या सिलिंडरांत त्याची मूठही जाईना. पण खोलून बाजेवर मांडल्यावर त्याला सगळे भाग ओळखू आले, जसे दूरच्या नात्यातल्या पोरांचे चेहरे ओळखू यावेत. झडपा त्याने विटकरीच्या वस्त्रगाळ भुकटीने घासून बसवल्या. खोबरेल तेलात भिजवलेल्या जाड कागदाची पॅकिंगं कापली. तुटलेल्या एका स्प्रिंगच्या जागी उंदरांच्या सापळ्याची स्प्रिंग गेली आणि घरात काही दिवस उंदीर निर्धास्त होते.

सांगाडा लाकडी होता, तो खाऱ्या हवेने आणि वाळवीने वाटून खाल्ला होता. त्यासाठी सिराजुद्दीनने धर्माला बोलावलं. धर्मा आक्षीच्या खाडीवर होड्या बांधायचा. त्याने मोटारीभोवती एक फेरी घातली आणि विचारलं, "नाळ कंची? पुढलं तोंड?"

"इंजिनाकडली."

"मंग ठीक."

धर्माने जी बांधली ती होडीच होती, चाकांवर ठेवलेली. पुढून रुंद, मागे निमुळती शेपटी, शेपटीत आडवी फळी, एका माणसाला बसण्याजोगी. फळ्यांच्या सांध्यांत कापूस ठोकून वरून राळ फिरवली. सिराजुद्दीनने दारं कुठे आहेत असं विचारल्यावर धर्माचा चेहरा उतरला. "सिराजभाय, होडीला भोक पाडायचं? माज्या हातून न्हाय होनार." त्यामुळे मोटारीत जायचं तर कठड्यावरून पाय टाकून जायला लागायचं. वाकत नसलेला पाय टाकायला ते उलट सोपं होतं.

इथवर सगळं शहाण्यासारखं झालं होतं. प्रश्न पायाचा राहिला. क्लच डाव्या पायाने दाबावा लागतो आणि डावा पाय दाबत नव्हता. दुसऱ्या कुणी क्लचचा दांडा हाताशी आणला असता आणि गाडी चालवली असती. पण सिराजुद्दीन यंत्रखोलीतला माणूस. त्याने उभ्या हयातीत सुकाणूला हात लावला नव्हता. बोट वळवणारे वर असतात, त्यांना सुकाणी म्हणतात, ते वेगळं जेवतात. इंजिन चालवणारे खाली असतात. दोघांच्या मध्ये घंटी असते. एकाच माणसाने वळवायचंही आणि इंजिनही सांभाळायचं, ही कल्पना त्याला सुचली नाही. सुचली असती तर धोक्याची वाटली असती.

म्हणून त्याने मोटारीची वाटणी केली. उजव्या बाजूला चाक तेवढं ठेवलं. डाव्या बाजूला स्वतःच्या बैठकीपाशी बाकीचं सगळं : डाव्या हाताला क्लचचा लांब दांडा, उजव्या हाताला गिअर, इंजिनाच्या वेगाची लहान कांडी, आणि चांगल्या पायाखाली ब्रेक. मध्ये पितळी घंटी, तिची दोरी उजवीकडे. एक टोला म्हणजे पुढे, दोन म्हणजे थांब, तीन म्हणजे मागे. सुकाणी म्हणून धर्मा बसला. त्याला होडी वल्हवायची सवय होती, एवढी पात्रता पुरेशी धरली.

मोटार पहिल्यांदा बाहेर काढली त्या दिवशी सिराजुद्दीनने फातिहा दिला आणि धर्माने नारळ फोडला. दोन्ही होऊनही इंजिन सुरू झालं नाही. कार्ब्युरेटरमध्ये कोंबडीचं पीस होतं.

पीस काढल्यावर मोटार उत्तम चालली. तळ्याच्या वळणापाशी सगुणाची म्हैस रस्त्यात उभी होती. मोटार संथपणे म्हशीपाशी गेली, म्हशीला लागली आणि मग थांबली. म्हशीने मागे वळून पाहिलं. तिला काही झालं नाही, पण सगुणा माडाखालून धावत आली.

"मुडद्यांनो, डोळे हायत का खोबऱ्याच्या वाट्या? दोन दोन माणसं बसल्यात आन् एकाला पन म्हस दिसली न्हाय?"

"मला दिसली," सिराजुद्दीन म्हणाला.

"मंग थांबवलास का न्हाय रे?"

"घंटी झाली नाही."

सगुणाने धर्माकडे पाहिलं. धर्मा म्हणाला, "मला वाटलं, सरंल."

खाडीत समोर आलेली वस्तू बहुधा सरते, हे खरं. सिराजुद्दीनच्या मनात मात्र धर्माबद्दल राग नव्हता आणि स्वतःबद्दल शंकाही नव्हती. खालच्या माणसाने डोळ्यांवर जाऊन इंजिन थांबवायला सुरुवात केली तर एकही बोट बंदराला लागणार नाही. त्याने धर्माला एवढंच सांगितलं की जमिनीवर घंटी जरा लवकर मारावी. धर्मा ते शिकला. पुढे तो माणसं, गुरं, बैलगाड्या आणि क्वचित मोठी सावलीही दिसली की दोन टोले द्यायचा आणि मोटार टोल्यासरशी उभी राहायची.

ही मोटार सत्यवतीबाईंनी पाहिली. त्या लोकल बोर्डाच्या सुईणबाई. आक्षी, नागाव, चौल, सगळीकडची बाळंतपणं त्यांच्याकडे, आणि बैलगाडी पोचेपर्यंत बहुतेक बाळं त्यांच्याविना येऊन मोकळी व्हायची. त्या कठड्यावरून चढून शेपटीतल्या फळीवर बसल्या, पिशवी मांडीवर घेतली आणि चौलपर्यंत जाऊन आल्या.

"दोघांत मिळून एक माणूस होतो ना? मग मला चालेल," त्या म्हणाल्या. "मी बोर्डाला सांगते. महिन्याच्या बोलीवर ठेवतील. पण मोटारीचे आणि चालकाचे कागद सरकारी हवेत, त्याशिवाय ते ऐकणार नाहीत."

तेव्हा ईद अगदी तोंडावर आली होती. मोटारी तपासणारे अंमलदार दौऱ्यावर नागावला यायचे त्याच दिवशी सकाळच्या लाँचने हमदुल्लाही आला. येताना दोन रिकाम्या ट्रंका घेऊन आला, भांडी भरायला. फिरोजाने ट्रंका ओटीवर ठेवल्या आणि त्यांवर वाळवणाचं सूप ठेवलं.

अंमलदार मध्यमवयीन, शांत गृहस्थ होते. त्यांनी मोटारीला दारं नाहीत हे पाहिलं, घंटी पाहिली, आणि शेपटीत जाऊन बसले. धर्माने एक टोला दिला. मोटार निघाली. चावडी गेली, मशीद गेली. अंमलदार म्हणाले, "थांबा."

मोटार चालतच राहिली.

"थांबा म्हणतो ना!"

सिराजुद्दीन समोर इंजिनाच्या झाकणाकडे पाहत होता. हुकूम शेपटीतून आला होता, घंटीतून नव्हे. "धर्मा, साहेब काय म्हणतात बघ," तो म्हणाला. धर्माने दोन टोले दिले. मोटार जिथल्या तिथे उभी राहिली, आणि अंमलदारांची टोपी पुढे सिराजुद्दीनच्या मांडीत येऊन पडली.

"ब्रेक चांगला आहे," टोपी घेत अंमलदार म्हणाले. खाली उतरून त्यांनी विचारलं, "चालक कोण?"

"मी," सिराजुद्दीन म्हणाला.

"आणि हा?"

"हा वळवतो."

अंमलदारांनी थोडा विचार केला. ते वाईट माणूस नव्हते. त्यांना हे प्रकरण मिटवायचं होतं आणि जेवायला अलिबागेला पोचायचं होतं. "हे बघा," ते म्हणाले, "मोटार ठीक आहे. पण लायसन एकाच्या नावे निघतं, ज्याच्या हातात चाक त्याच्या. तुम्हाला असंही देता यायचं नाही, पाय असा आहे. लायसन याला देतो. तुम्ही गाडीत बसायला माझी हरकत नाही. क्लीनर म्हणून बसा."

धर्मा घाबरला. "साहेब, मी नुसता धरतो. मला गाडीतलं काय बी कळत न्हाय."

"ते मी विचारलेलं नाही."

 बोटीवर पहिल्या वर्षी सिराजुद्दीन इंजिन पुसायच्या चिंध्या धुवायचा. त्याला सगळे चिंधीवाला म्हणायचे. त्या चिंध्यांपासून तेलाच्या डब्यापर्यंत यायला त्याची उमेदीची वर्षं गेली होती, आणि डबा हातात आल्यावर त्याला कुणी परत चिंधीवाला म्हटलं नव्हतं. आता भर रस्त्यात, निम्म्या गावादेखत, त्याला परत तिथे बसायला सांगत होते, आणि त्याच्या वर धर्मा, ज्याला पेट्रोल आणि रॉकेल यांतला फरक वासावरूनही कळत नव्हता.

हमदुल्ला गर्दीतून पुढे आला. "दुलाभाई, क्लीनर? अहो, त्यापेक्षा दुकान काय वाईट? तिथं तुम्हाला मालकाचे मेव्हणे म्हणतील."

"आणि काय करायला सांगतील?"

"काही नाही. नुसतं बसायचं."

इंजिन चालूच होतं. सिराजुद्दीनने मान थोडी तिरकी केली. तिसऱ्या सिलिंडरचा आवाज किंचित कोरडा येत होता. झडपेला तेल कमी पडत होतं. सकाळी नव्हता हा आवाज. त्याने कांडी थोडी मागे घेतली, आवाज पुन्हा ऐकला.

"लिहा साहेब," तो म्हणाला. "क्लीनर लिहा. पण जरा लवकर लिहा, तेल घालायचंय."

घरी फिरोजा दारात आली तेव्हा हमदुल्ला ट्रंकांवरचं सूप उचलत होता. "काय झालं?" तिने विचारलं.

"तुझ्या नवऱ्याने कमी हुद्द्याची नोकरी धरली," हमदुल्ला म्हणाला.

"इथंच?"

"इथंच."

"मग सूप ठेवा भाईजान. वाळवण सांडतंय."

बोर्डाने मोटार महिन्याच्या बोलीवर घेतली. सत्यवतीबाई शेपटीत, धर्मा चाकाशी, सिराजुद्दीन डावीकडे, अशी ती त्या किनाऱ्याच्या वाडीवाडीतून फिरली, आणि पावसाळ्यात तळाचं बूच काढून पाणी सोडून द्यावं लागे एवढं सोडलं तर तिची तक्रार आली नाही. धर्माच्या लायसनचं दरवर्षी नूतनीकरण झालं. एका वर्षी त्याच्या नावापुढे 'अनुभवी व भरवशाचा चालक' असा शेराही पडला.

मोटार सुरू कशी करतात, हे धर्माला शेवटपर्यंत माहीत नव्हतं.